चौथ्या प्रकरणाचा रस्सा

भंडारा,
शुक्रवार, दुपार (प्रयोगशाळेतली लाईट गेली आहे, म्हणून वेळ आहे)

आदरणीय यादोमामाजी,

तुमच्या लाडक्या (असं आई म्हणते, मी कधी तपासून पाहिलं नाही) भाचीचा, म्हणजे प्रतिक्षाचा, सविनय जयभीम. मंगलामामीलाही जयभीम सांगा. तिचा गुडघा कसा आहे? शेजारीण तिला जे तेल देते त्यात काय असते ते मी अजून तपासलेलं नाही, तेव्हा 'आमच्या केमिस्ट्रीवाल्या भाचीनं पास केलं' असं सांगून तिनं ते गावात वाटू नये. तुमचं बीपी कसं आहे? गोळी रोज घेता, की ज्या दिवशी आठवते त्या दिवशी दोन घेता? धर्मेंद्रदादाची गाडी सुरू झाली का? विहाराची किल्ली सापडली का? (मागच्या वेळी ती तांदळाच्या डब्यात निघाली होती आणि त्याआधी तुमच्याच खिशात. पौर्णिमेच्या वंदनेला सगळं गाव पायऱ्यांवर बसून होतं आणि विहार समितीचे अध्यक्ष, म्हणजे तुम्ही, स्वतःच्या खिशातली किल्ली गावभर शोधत फिरत होते.) मी ठीक आहे. पत्रात असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. ठीक नाही.

आजच्या जमान्यात ही पोट्टी पत्र काहून लिहून राहिली, असं तुम्ही म्हणाल. त्याचं कारण असं की फोनवर तुम्ही मला वाक्य पूर्ण करू देत नाही. 'मामाजी, एक अडचण' इथपर्यंत मी येते न येते तोच तुम्ही 'मी आहो ना' म्हणता आणि फोन ठेवता. अडचण काय ते तुम्हाला माहीत नसते आणि तुम्ही ती सोडवायला चप्पल घालून निघालेले असता. तुम्ही आयुष्यभर लाईनमनची नोकरी केली, खांबावर चढण्याआधी खालच्याची पूर्ण कहाणी ऐकत बसले असते तर साकोली तालुक्यात कोणाच्या घरी लाईट आली नसती, हे मला कबूल आहे. पण संशोधनाचं तसं नसते. आणि दुसरं कारण असं की त्या दिवसापासून तुमचा फोनच आलेला नाही.

मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं तुम्ही शांतपणे वाचाल. मामाजी, मी पीएचडी सोडून राहिले आहे. महिनाअखेरपर्यंत विद्यापीठाच्या समितीला उत्तर द्यायचं आहे, ते मी देणार नाही. उत्तर नाही दिलं की नोंदणी आपोआप रद्द होते. विद्यापीठात आपोआप होणारी ही एकच गोष्ट आहे, तिचा तरी फायदा घ्यावा असं मी ठरवलं आहे.

सोडायच्या आधी मी काय करत होते ते एकदा नीट लिहून ठेवते, कारण गावात तुम्ही दर वेळी वेगळं सांगता. (सरपंचांना तुम्ही सांगितलं की पोरगी पाण्याचं सोनं करते. ते अजून मला भेटले की हळूच विचारतात, कुठवर आलं.) तर धानावर आपण जे औषध मारतो ते पावसात शेताच्या बांधीतून वाहून गावच्या तळ्यात, आपल्या बोडीत, येते. इकडे राईस मिलमध्ये धानाचा भुसा जाळून ढिगानं राख उरते. ही राख अ‍ॅसिडनं धुतली, भट्टीत भाजली, तर ती पाण्यातलं औषध स्वतःत ओढून धरते. अशी राख थैल्यांमध्ये भरायची, बोडीच्या तोंडाशी, जिथून बांधीचं पाणी आत येते तिथे, बांबूला टांगायची, आणि मग बोडीतल्या मासोळीच्या अंगात औषध कमी झालं का ते बघायचं. थैल्यांतली राख हे माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण आणि मासोळी हे चौथं. पहिल्या दोन प्रकरणांत आपल्या आधी कोणी काय केलं ते लिहितात, ते लिहिणाराही परत वाचत नाही, त्यामुळे तिसरं आणि चौथं एवढीच माझी कमाई. राख रसायनशास्त्राची, मासोळी प्राणिशास्त्राची, म्हणून माझ्या कामाचं नाव 'रसायन विज्ञानातील आंतरविद्याशाखीय संशोधन व प्रशिक्षण'. आईला हे नाव पाठ व्हायला एक पावसाळा लागला. पाठ झाल्यावर ती तुमसरच्या बाजारात वांगी घेताना भाजीवाल्याला म्हणून दाखवत होती.

आंतरविद्याशाखीय म्हणजे काय, तर दोन घरचा पाहुणा उपाशी. माझी दोन घरं म्हणजे रसायनाचे लांजेवार सर आणि प्राणिशास्त्राच्या हटवार मॅडम. दोघंही भले आहेत, पण वेगवेगळे भले आहेत. सर म्हणतात मासोळीला सूत्र नसते, मॅडम म्हणतात राखेला जीव नसतो. सही घ्यायला गेलं की सर म्हणतात आधी मॅडमची आणा, मॅडम म्हणतात आधी सरांची आणा, आणि दोघांच्या मधल्या जिन्यावर माझी एक चप्पल झिजली आहे. मासोळीचे नमुने थंडीत ठेवावे लागतात, तर सरांच्या फ्रीजमध्ये वास नको आणि मॅडमच्या फ्रीजमध्ये बेडकांमुळे जागा नाही. शेवटी मी ते पाकिटात गुंडाळून घरमालकिणीच्या फ्रीजमध्ये ठेवले. बाई मार्गशीर्षातले गुरुवार करणारी. तिनं बर्फ समजून पाकीट उघडलं, आणि तिचा उपवास व माझी खोली एकाच वेळी सुटली. सेमिनारला उभी राहिले की रसायनवाले मासोळीबद्दल विचारतात आणि प्राणिशास्त्रवाले राखेबद्दल, कारण आपल्या विषयातलं विचारलं तर उत्तर बरोबर की चूक ते त्यांना सांगावं लागेल.

प्रशिक्षणाचं तर विचारूच नका. एका विषयाच्या पोरानं दुसऱ्या विषयात जाऊन शिकावं अशी योजना होती. म्हणून मला मासोळी चिरायला बसवलं आणि माझ्यासोबतच्या अंकुशला (तो प्राणिशास्त्राचा, लाखनीकडचा) काचेच्या नळ्या धरायला लावल्या. त्यानं पहिल्या आठवड्यात इतक्या नळ्या फोडल्या की सरांनी त्याला फक्त बघायला सांगितलं. तो वर्षभर बघत राहिला आणि मग निघून गेला. आता साकोलीला त्याचं कृषी केंद्र आहे. मामाजी, मी ज्या औषधाचा एक थेंब लाखो थेंबांत शोधून राहिले आहे ते तो डब्यांनी विकते, आणि त्याचं लग्न झालं, पोरगं झालं, पोरग्याचं जावळही झालं. भेटला की मला चहा पाजते आणि म्हणते, ताई, तू शोध, माल मी पुरवतो. चहा चांगला असते म्हणून मी काही बोलत नाही.

राख आणायला आम्ही तुमसरला गेलो होतो ते धर्मेंद्रदादानं तुम्हाला सांगितलं नसेल, कारण त्यानं मला शपथ घातली होती. मिलच्या मुनीमजीला वाटलं मी प्रदूषणवाल्यांकडून आली, म्हणून त्यांनी फाटक लावून घेतलं. राख तपासायची नाही, फुकटात न्यायची आहे, हे समजल्यावर ते इतके खूश झाले की ट्रॅक्टर लावू का म्हणाले. आम्ही दोन पोती गाडीवर बांधली. त्यातलं एक भर बाजारात फाटलं. वारा आमच्याच बाजूनं होता. आणि नेमक्या त्याच दिवशी, मला न सांगता, आईनं आंधळगावचे पाहुणे मुलगी बघायला घरी बोलावले होते. मी दारात आले तेव्हा माझे फक्त डोळे दिसत होते. तरी मुलगा सभ्य होता. त्यानं एकच प्रश्न विचारला, पीएचडी कधी संपते? मी खरं ते सांगितलं, की ते मासोळीवर अवलंबून आहे. त्यानंतर आंधळगावहून काही निरोप नाही. आई अजून मधूनमधून म्हणते की 'दोन वर्षांत' म्हटलं असतं तर तुझं काय जात होतं.

हे सगळं मी हसत हसत सोसलं असं समजू नका. हसत नव्हते. माझ्यासोबतच्या पोरी नोकरीला लागल्या, फेलोशिप संपली, सकाळी ट्यूशन आणि दुपारी राख असं चालू होतं. पण एक गोष्ट झाली होती, ती मी तुम्हाला कधी नीट सांगितली नाही. पहिल्या हंगामाचे आकडे आले तेव्हा आपल्या बोडीच्या मासोळीत औषध कमी निघालं. पलीकडच्या गावच्या बोडीत, जिथे थैल्या नव्हत्या, तिथे होतं तेवढंच होतं. आपल्याकडे कमी. सरांनी आकडे मॅडमना दाखवले, मॅडमनी चष्मा पुसून परत पाहिले, आणि पहिल्यांदाच दोघं एका टेबलावर चहा प्यायले. मी व्हरांड्यात जाऊन रडले. सर म्हणाले, एक वर्ष निघालं तर योगायोग, दुसऱ्या वर्षीही निघालं तर विज्ञान. म्हणून दुसऱ्या वर्षी मी शंभर मासोळ्यांच्या पाठीच्या पराजवळ एकेक बारीक लाल मणी बसवला, मण्यावर आकडा कोरलेला, आणि त्या बोडीत सोडल्या. केवळराम ढिवरानं दोन वर्षं त्या बोडीत जाळं टाकायचं नाही असं मला वचन दिलं आणि पाळलंसुद्धा. आता समिती येणार, तिच्यासमोर मणीवाली मासोळी काढायची, तपासायची, आणि योगायोगाचं विज्ञान होणार, इतकं जवळ आलं होतं.

इथे माझं चुकलं असेल तर एवढंच, की समिती येणार हे मी तुम्हाला आठ दिवस आधी सांगितलं. मी म्हणत होते, 'मामाजी, विद्यापीठाचे लोक बोडी बघायला येणार आहेत, तर बोडीला कोणी' आणि तुम्ही म्हणाले, 'काहून घाबरून राहिली तू? मी आहो ना,' आणि फोन ठेवला. 'हात लावू नये' हे दोन-तीन शब्द माझ्या तोंडातच राहिले. पुढे जे झालं ते त्या राहिलेल्या शब्दांनी झालं.

समितीत लांजेवार सर, हटवार मॅडम आणि पुण्याचे एक तज्ज्ञ होते. गाडी एकोडीच्या फाट्यावर वळली तेव्हाच मला डफडीचा आवाज आला. पुढे अंगण सारवलेलं, मंडप घातलेला, तुम्ही डोक्याला फेटा बांधून उभे. पाहुण्यांचे पाय धुवायला गरम पाणी. (पुण्याच्या तज्ज्ञांनी बूट काढायला जो वेळ लावला त्यात दुसरं कोणी बोडी बघून परत आलं असतं.) मग विहारात सत्कार, शाली, तुमचं भाषण. भाषणात तुम्ही म्हणाले की भाचीच्या कामासाठी आलेला पाहुणा म्हणजे मामाच्या घरचा पाहुणा, आणि त्याला कोरडं वाढलं तर मामाचं नाक जाते. सर माझ्या कानात म्हणाले, बोडी कधी? मी तुम्हाला विचारलं, तुम्ही म्हणाले, उपाशीपोटी पाहुण्याला बोडीच्या पाळीवर नेते का कोणी. म्हणून आधी पंगत बसली.

पळसाच्या पत्रावळी, गरम भात, लाखोरीचे वडे, आणि वरून हिरवागार सांबार चिरून टाकलेला मासोळीचा रस्सा. मामाजी, रस्सा दिसला तेव्हाही मला कळलं नाही. तुम्ही साकोलीच्या बाजारातून आणला असेल असंच वाटलं. पुण्याचे तज्ज्ञ मासोळी खात नाहीत, ते वड्यांवर होते. सरांनी दोनदा मागून घेतला. मॅडम गप्प जेवत होत्या, कारण त्यांना काटे काढायची सवय आहे, त्यांचं लक्ष तिथेच असते. आणि एकदम त्यांचा हात थांबला. त्यांनी काहीतरी बारीक, लाल, पत्रावळीच्या काठावर ठेवलं. पाण्यानं धुतलं. पदराला पुसलं. चष्मा डोळ्यांजवळ नेऊन वाचलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, सतरा. सरांनी विचारलं, सतरा काय? मॅडम म्हणाल्या, आपण खातोय ते.

मी घरामागच्या सांदवाडीत पळाले. तिथे केवळराम जाळं वाळत घालत होता. तो बिचारा मला बघून हसला. म्हणाला, 'मले यादोरावनं सांगतलं, पाहुणे पोरीचेच, मासोळी पोरीचीच, मंग कायले बाजारची आणाची?' यात चूक कुठे आहे ते मी तेव्हापासून शोधून राहिले आहे. पाहुणे माझेच होते. मासोळीही माझीच होती. दोन वर्षं त्यानं माझ्यासाठी राखली, आणि माझ्यासाठीच काढली. अशा माणसाला काय बोलावं?

मग निदान थैल्या तरी बघू म्हणून सर्वांना घेऊन मी बोडीवर गेले. बोडीचं तोंड झाडून स्वच्छ केलेलं, चुन्याची रांगोळी टाकलेली, आणि ज्या बांबूला माझ्या राखेच्या थैल्या असायच्या त्या बांबूला झेंडूचं तोरण. सर म्हणाले, थैल्या? तुमच्या बाजूला बचत गटाच्या बाया उभ्या होत्या, त्यातली एक अभिमानानं म्हणाली की पाहुण्यांसमोर तो कचरा बरा दिसत नव्हता, पण राख मोठी गुणाची निघाली, पंगतीआधी सगळे गंज, रस्सा-भाताची मोठाली भांडी, तिनंच घासले, आरशासारखे झाले. ते खरं होतं. मी परत येऊन पाहिलं तर अंगणात गंज उलटे घातलेले होते आणि त्यात माझं तोंड दिसत होतं. म्हणजे मामाजी, माझ्या तिसऱ्या प्रकरणानं घासलेल्या गंजात माझं चौथं प्रकरण शिजलं, आणि समितीनं ते भातासोबत खाल्लं. इतकं आंतरविद्याशाखीय काम आमच्या विद्यापीठात याआधी झालेलं नाही.

परतताना गाडीत पुण्याच्या तज्ज्ञांनी विचारलं की त्या राखेत हंगामाचं औषध शोषलेलं होतं ना, मग त्या भांड्यांत शिजलेलं जेवून कोणाला काही झालं कसं नाही? मी म्हटलं, राख शोषलेलं सोडत नाही. ते म्हणाले, किंवा शोषतच नाही. मी दोन दिवस चातकासारखी वाट पाहिली, की कोणाचं तरी पोट बिघडावं. (तुमचं नाही. सरांचं चाललं असतं.) सगळे ठणठणीत राहिले. माझ्या संशोधनावर यापेक्षा मोठी टीका कोणी केलेली नाही. समितीचा अहवाल त्या तज्ज्ञांनीच लिहिला, कारण पुरावा न खाल्लेले ते एकटेच होते.

अहवालात म्हटलं आहे की खुणा केलेल्या मासोळीपैकी निम्मी तरी बोडीत शिल्लक आहे, आणि ती कोणती, हे महिनाअखेरपर्यंत दाखवता आलं, तर मला एक हंगाम वाढवून मिळेल. नाही तर नोंदणी बंद. आता मामाजी, तुम्हीच सांगा, किती उरली ते कोण सांगणार? बोडीत अजून पाणी आहे, सगळी मासोळी काढून मोजायची तर ती मरते, आणि खाल्लेल्या मासोळीला साक्षीला बोलावता येत नाही. मी दोन आठवडे विचार केला. एकेका रात्री वाटते की मी इतकी वर्षं पाण्यावर लिहून राहिले होते. म्हणून सोडते. पाण्याच्या बाटल्या भरणारा एक कारखाना आहे, तिथे तपासणीची जागा निघाली आहे. बाटलीतल्या पाण्यात काही नसते, त्यामुळे काम सोपं आहे. काही नाही असं रोज लिहायचं.

हे पत्र तुम्हाला बोल लावायला लिहिलेलं नाही, हे शप्पथ सांगते. आईनं सांगितलं की तुम्ही मासोळी सोडली. मामी म्हणे की तुम्ही पाळीकडून जात नाही, विहारातही मागे बसता. त्या दिवशी मी न जेवता निघाले याचं मामीला वाईट वाटलं, तिला सांगा की तिच्या हाताला मी कधी नाही म्हटलेलं नाही, पण आपलाच प्रबंध कोणी खाते का? आणि एक सांगायचं राहिलं. बोडीवर, सगळे गाडीकडे गेल्यावर, तुम्ही फेटा काढून पाळीवर बसले होते. तुम्ही म्हणाले, 'मले वाटलं...' आणि थांबले. मामाजी, बाबा गेले तेव्हापासून माझी प्रत्येक फी भरायच्या दिवशी तुम्ही एसटीनं भंडाऱ्याला आले, खिडकीत उभे राहिले आणि मला वाक्य पूर्ण करू दिलं नाही. त्या दिवशी पहिल्यांदा मी तुमचं वाक्य पूर्ण व्हायची वाट बघत उभी होते, आणि तुम्ही ते पूर्ण केलं नाही. मला त्याचंच जास्त लागलं आहे. चौथ्या प्रकरणाचं त्याच्यानंतर.

लाईट आली. सर भट्टी लावायला बोलावून राहिले आहेत. मी सोडली आहे हे त्यांना अजून सांगितलेलं नाही, म्हणून जावं लागते. मामीला, दादाला जयभीम. गोळी रोज एकच.

तुमची भाची,
प्रतिक्षा
(गावच्या फलकावर तुम्ही नावाआधी 'डॉ.' लिहून ठेवलं आहे, तेवढं पुसायला सांगा)

ता. क. : पीएचडी सोडल्याचं आईला सांगू नका. तिला ते लांबलचक नाव पाठ आहे, ते वाया जाईल.

दुसरा ता. क. : सहज विचारते, केवळरामला विचाराल का, की जांभळाच्या झाडाखालच्या खोल बाजूला त्याचं जाळं पोचलं होतं का? मोठी मासोळी तिकडेच असते. सहजच. आणि भंडाऱ्याहून थैल्या पाठवल्या तर धर्मेंद्रदादाची गाडी सुरू आहे का, हे मी वर विचारलं होतं, त्याचं उत्तर द्या.

तिसरा ता. क. : बाटलीवाल्यांनी पुढच्या सोमवारी मुलाखतीला बोलावलं होतं. मी कळवलं की त्या दिवशी मला एकोडीला काम आहे. फलक राहू द्या. तेवढ्यासाठी कशाला चुना खराब करायचा?

चौथा ता. क. : हे पत्र ज्यासाठी लिहिलं ते आता लिहिते. काल आई फोनवर बोलता बोलता म्हणाली की मामीनं मासोळी साफ करताना निघालेले लाल मणी फेकले नाहीत. बोडीत तुटलेली कोणाची तरी माळ मासोळीच्या परांत अडकली असेल असं तिला वाटलं, म्हणून तिनं ते सगळे धुवून दोऱ्यात ओवले आणि विहाराच्या किल्लीला बांधले, की आता तरी किल्ली तुमच्या डोळ्यांना दिसेल. मामाजी, ते मणी किल्लीचे काढू नका, तिथेच राहू द्या. फक्त रविवारी मला फोन करा आणि एकेक आकडा वाचून दाखवा. मी इकडे लिहून घेते. त्यात जो आकडा नाही ती मासोळी अजून बोडीत आहे. सतरा नंबर शोधू नका, तो माझ्या टेबलावर आहे, मॅडमनी परत दिला. (देताना म्हणाल्या, रस्सा चांगला होता.) आकडे तुम्हीच वाचा, दादाला देऊ नका, तो सहाचा नऊ करते. वाचून झाल्यावर लगेच फोन ठेवू नका. पाळीवरचं तुमचं अर्धं वाक्य राहिलं आहे, ते मला ऐकायचं आहे. नाहीच आलं तोंडी, तर तुमचं नेहमीचं म्हणा. चालते.